छातीवरचा कॅमेरा पाऊच: मनाली-लेह धरून आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये साडेतीन हजारांना हा छातीवर बांधायचा पाऊच घेतला. आधी ताम्हिणी आणि वरंध्याचा पाऊस, मग सप्टेंबरात मनाली-लेह-मनाली, त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी सह्याद्रीत कुठे ना कुठे. यंदा लेहला जाणारे आता तयारीला लागले असतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

2019 ला गेलो तेव्हा कॅमेरा मागे सॅडल बॅगेत होता. फोटो काढायचा म्हणजे गाडी साइड स्टँडला लावा, हेल्मेट काढा, बंजी दोऱ्या सोडा, मग बॅग उघडा. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, एवढ्या खटपटीनेच धाप लागते. गाटा लूप्सची एकवीस वळणं चढलो आणि एकदाही थांबलो नाही. घरी येऊन पाहिलं तर खिंडीखिंडीतल्या पाट्यांसमोर उभे राहून काढलेले फोटो तेवढे हाती लागले होते. त्याची फार खंत वाटली.

पाऊचमध्ये माझा पाव किलोचा, 28 मिलिमीटर फिक्स लेन्सचा कॅमेरा बसतो. गाडी कडेला, इंजिन बंद, उजवा ग्लोव्ह काढला, काच वर केली की कॅमेरा हातात. दहा सेकंद. हेल्मेट डोक्यावरच राहतं. चालत्या गाडीवर हँडल सोडून मात्र मी एकही फोटो काढत नाही, तुम्हीही काढू नका.

दहा सेकंदांनी काय फरक पडतो ते सांगतो. बारालाचा ला ही खिंड चढताना रस्त्याच्या कामासाठी गाड्या अडवल्या होत्या. तिकडे डांबरीकरणाला झारखंडचे मजूर फार. एकजण फावडं टेकवून उभा होता, डोळे सोडून सगळा चेहरा फडक्यात. मी कॅमेरा दाखवून खुणेनं विचारलं. त्यानं फडकं हनुवटीखाली ओढलं, टोपी नीट केली आणि ताठ उभा राहिला. दोन फोटो घेतले. स्क्रीनवर दाखवले तर त्यानं सोबत्यालाही हाक मारून बोलावलं. पापण्यांवर पांढरी धूळ बसलेली आणि फडकं जिथवर होतं तिथवर चेहरा स्वच्छ, अशी सरळ रेघ त्या फोटोत दिसते. एवढ्यात पुढचा झेंडा हलला आणि गाड्या सुटल्या. सगळं मिळून दोन मिनिटं. कॅमेरा सॅडल बॅगेत असता तर हा फोटो झालाच नसता.

हेल्मेटवरचा ॲक्शन कॅमेराही होता, दर पाच सेकंदांनी एक फोटो लावून. मोरे प्लेन्सचं पठार ते टांगलांग ला खिंड एवढ्यात अठ्ठावीसशे फोटो पडले, ठेवले चार. त्याची लेन्स इतकी रुंद की समोरचा डोंगर टेकाड होऊन जातो. व्हिडिओला उत्तम, फोटोला नाही. हँडलवर फोन लावून काढायचा विचार असेल तर तोही सोडा. इंजिनाच्या हादऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा आणि ऑटोफोकस बिघडू शकतं, ॲपलने 2021 मध्ये तसा इशाराच दिला होता.

आता तक्रारी. पाऊचच्या चेनमध्ये मोरे प्लेन्सची पिठासारखी धूळ गेली आणि ती अडकायला लागली, परतीला तर झाकण नुसतं दुमडून ठेवलं. पावसाचं कव्हर ताम्हिणीत तासभर टिकलं, मग शिवणीतून पाणी आलं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झिंगझिंगबारच्या पुढे एका नाल्यात गाडी घसरली, मी पालथा पडलो आणि कॅमेरा बरगडीत रुतला. वेग नव्हता म्हणून मुक्या मारावर भागलं, तरी आठ दिवस खोकताना कळ येत होती. कठीण वस्तू छातीवर बांधणं चुकीचं आहे, हे मला खरेदीआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. आता पाऊच टाकीवरच्या बॅगेत वरच्या कप्प्यात असतो, झाकण माझ्याकडे उघडेल असा. दहाचे बारा सेकंद होतात. गाडीवरून उतरलो की पट्टे गळ्यात.

बॅटऱ्यांबद्दल: सरचूच्या थंडीत पूर्ण चार्ज केलेली बॅटरी सकाळी निम्मी दाखवते, म्हणून माझ्या तिन्ही बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत, दिवसा आतल्या खिशात. गार पडलेला कॅमेरा तंबूच्या उबेत नेण्याआधी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. बर्फासमोर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवा, कॅमेरा पांढऱ्याचं राखाडी करतो. आणि लष्करी छावण्या, पूल दिसले की कॅमेरा आत.

पुन्हा घेईन का? याच आकाराचा घेईन, पण चेनऐवजी गुंडाळून बंद होणारं झाकण असलेला. जूनमध्ये काझ्याला निघायच्या आत तसा शोधतोय.