‘एकदाही पडलं नाही’ म्हणून विकलेलं ५५ सीसीचं पेट्रोल विमान

सौदा असा होता. ८५ इंच पंखांचं, रिमोटवर उडणारं एरोबॅटिक (हवेत कसरती करणारं) मॉडेल, ५५ सीसीचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, वजन ७.२ किलो, सहा सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी), ‘सगळे २० किलोचे, मेटल गिअर’. किंमत ७८ हजार, रिमोट वगळून. विकणारा परराज्यातला, घेणारा जालन्याचा. निम्मे पैसे आधी यूपीआयवर, उरलेले ट्रॅव्हल्सच्या पार्सल ऑफिसात खोकं सुटायच्या आत. म्हणजे झाकण उघडेपर्यंत सगळे पैसे गेलेले. ‘भाऊ, इंजिन दोनच टाक्या चाललंय, विमान एकदाही पडलं नाही’ हे विकणाऱ्याचं पालुपद, आणि पुरावा म्हणून इंजिन सुरू होतानाचा चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ.

हे विमान माळावर नेण्याआधी टेबलावर पूर्ण उघडलं गेलं, म्हणून प्रकरण पैशांवर निभावलं. उघडल्यावर जे निघालं ते इथे क्रमाने देतोय, कारण याच पद्धतीने सजवलेली मोठी विमानं नांदेड, लातूर, संभाजीनगरकडच्या नव्या मुलांच्या गळ्यात मारली जातात.

आधी तो व्हिडिओ. इंजिन सुरू होतं, आयडलवर (सगळ्यात कमी गतीवर) टुकटुकतं, थोडा थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) दिला की किंचाळतं, बंद. नवख्याला वाटतं काय ताकद आहे! नीट पाहिलं तर प्रॉप (पुढचा पंखा) २० इंची आहे. ५५ सीसीला २२×८ किंवा २३×८ (पहिला आकडा लांबीचा, दुसरा पात्याच्या पिचचा, दोन्ही इंचांत) लावतात आणि त्यावर जमिनीवर साधारण साडेसहा ते सात हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) मिळतात. लहान प्रॉप लावला की ओझं कमी होतं, आरपीएम चढतात आणि आवाज दणदणीत येतो. शिवाय व्हिडिओत कुठेही पूर्ण थ्रॉटल दहा सेकंदसुद्धा टिकवलेला नाही, आणि गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलेलं नाही. या दोन गोष्टी का टाळल्या ते कार्ब (कार्बोरेटर) उघडल्यावर कळलं. व्हिडिओ मागायचाच तर असा मागा: योग्य प्रॉप, समोर टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र), तीस सेकंद पूर्ण थ्रॉटल, मग आयडल, मग एकदम थ्रॉटल उघडून इंजिन अडखळतं का ते, मग बंद करून पाच मिनिटांनी परत चालू. विमान मागून घट्ट बांधलेलं हवं आणि प्रॉपच्या रेषेत कुणी उभं नको.

दुसरी तपासणी काट्यावर. ७.२ किलो सांगितलेलं विमान रिकाम्या टाकीने ८.९ किलो भरलं. बरेच विक्रेते कॅटलॉगमधला आकडा तसाच टाकतात, त्यामुळे दोन-तीनशे ग्रॅमचा फरक समजू शकतो. पावणेदोन किलोचा नाही. पंखांचं क्षेत्रफळ तेच राहून वजन जवळजवळ पाव पटीने वाढलं की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत) अकरा टक्क्यांनी वाढतो. उतरताना नेहमीच्या अंदाजाने वेग कमी केला की एक पंख पडतो आणि विमान त्याच अंगावर जमिनीत जातं.

हे वजन आलं कुठून? शेपटीच्या आत, रडरच्या (विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पट्टीच्या) खाली, ३१० ग्रॅम शिसं चिकटवलेलं सापडलं. नाकाला लांबलचक, जड इंजिन असलेल्या विमानात गुरुत्वमध्य (तोलाचा बिंदू) पुढे गेला तर आधी बॅटरी मागे सरकवतात. तेवढ्यावर भागलं नाही आणि शेपटीत शिसं भरावं लागलं, याचा अर्थ नाकात काहीतरी जादा ओतलंय. इथून धागा थेट फायरवॉलला जातो.

फायरवॉल म्हणजे इंजिन ज्या प्लायवर बोल्टने बसतं ती पुढची भिंत. या आकारात साधारण ६ मिलिमीटरची चांगली प्लाय असते, ती बाजूच्या लायटप्लायच्या (हलक्या प्लायच्या) पेटीत खाचांनी अडकलेली असते, आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या, सावकाश सुकणारा तीस मिनिटांचा इपॉक्सी, आणि जाणकार माणूस बाजूंनी लाकडी खुंट्याही मारतो. एका सिलिंडरचं ५५ सीसी इंजिन पूर्ण थ्रॉटलला १२ ते १४ किलोने ओढतं आणि वर सतत हादरे देतं. ते सगळं या भिंतीवर येतं.

इथे मूळ भिंत कधीतरी नाकावर आदळून उखडलेली होती. नवी भिंत न बसवता जुनीच परत दाबून फटींत एम-सील भरलेलं, त्याच्यावर दुसरी प्लाय चिकटवलेली, आणि सगळ्यावर काळा रंग. खाचा तुटलेल्या, खुंट्या नाहीत. एम-सील पाइपची गळती थांबवायला उत्तम. लाकडात मात्र ते फट भरतं, ताण घेत नाही, आणि हादऱ्यांनी कडेपासून सुटतं. काउल (इंजिनावरचं झाकण) काढून एकाने फ्यूजलाज (विमानाचं धड) धरली आणि दुसऱ्याने प्रॉपचा हब (मधला तुंबा) वरखाली दाबला, तर काळ्या रंगावर कोपऱ्यात केसाएवढी रेघ उघडत-मिटत होती. रेघेतून तेलकट पेट्रोल पाझरून आतलं लाकूड काळं पडलेलं. एवढी एक गोष्ट सौद्याच्या वेळी केली असती तर पुढचं काही तपासायची गरजच नव्हती. टाकीच्या कप्प्यातून टॉर्च आणि छोटा आरसा घालून भिंतीची मागची बाजूही बघा. कंपनीच्या कामात कोपरे सारखे आणि स्वच्छ असतात, डागडुजी झालेल्या ठिकाणी गोंदाचे ओघळ दिसतात.

फिल्म (लाकडावर चढवलेलं रंगीत प्लॅस्टिकचं आवरण) हा दुसरा पडदा. फ्यूजलाज मागे पांढरी-पिवळी, पुढचा भाग मात्र गडद निळा आणि ताजा. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावला की फिकट फिल्ममधून फ्रेम आणि पट्ट्यांच्या सावल्या दिसतात, जोड असेल तर तोही दिसतो. गडद फिल्ममधून यातलं काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच दुरुस्तीवर गडद रंग चढतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. बोटाने टिचकी मारत जा: चांगल्या बाल्साचा (मॉडेलच्या हलक्या लाकडाचा) आवाज सगळीकडे पोकळ आणि सारखा येतो, गोंद भरलेल्या जागी बद्द येतो. डाव्या पंखाच्या मुळाशी असाच बद्द आवाज होता आणि त्याचा तोल सांभाळायला उजव्या टोकात शिसं. पंख जोडणारी ॲल्युमिनियमची नळी काढून सपाट काचेवर लोळवली तर ती डुलत होती, म्हणजे वाकलेली. ‘एकदाही पडलं नाही’ची ही कथा.

आता इंजिन. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. हाताने प्रॉप सावकाश फिरवत टॉर्चने बघायचं, आधी इग्निशनची बॅटरी सोडवून. दोन टाक्या चाललेल्या इंजिनाच्या पिस्टनवर मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा अजून शाबूत असतात. इथे रिंगच्या खाली तपकिरी थर आणि उभे, नखाला लागतील असे ओरखडे. उभे ओरखडे म्हणजे एकदा तरी तेल कमी पडलं, नाहीतर नीडल (पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू) फार आवळून इंजिन लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालवलं आणि पिस्टन सिलिंडरला धरला. कॉम्प्रेशन हाताला लागतं, तेवढ्यावर जाऊ नका. गार इंजिनात ओलं तेल रिंगची गळती झाकतं.

नाक आदळलेल्या इंजिनात हमखास शंका घ्यायची जागा म्हणजे क्रॅंकशाफ्ट (प्रॉप फिरवणारा दांडा). डोळ्याला वाक दिसत नाही. वाळूजच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये किंवा जालन्यातल्या लेथवाल्याकडे डायल गेज असतो. इंजिन बांधून हबच्या कडेला काटा लावायचा आणि एक फेरा फिरवायचा. पाच शतांश मिलिमीटरच्या आत काटा हलला तर चालतं. इथे तो वीस शतांशच्या पुढे गेला. एवढ्या वाकड्या शाफ्टवर प्रॉप कितीही बॅलन्स केला तरी हादरे जात नाहीत, आणि हेच हादरे फायरवॉल, सर्व्हो आणि बॅटरीच्या जोडण्या खात राहतात. हे काम चहापाण्याच्या पैशात होतं, पण त्यासाठी इंजिन पैसे देण्याआधी हातात यायला हवं.

कार्ब डायफ्रामचा (पातळ लवचीक पडद्याचा) असतो, गवत कापायच्या मशीनसारखाच. त्याची झाकणं काढली तर आतली जाळी बारीक काळ्या धुळीने बुजलेली (आपल्याकडे काळ्या रानात उडवणाऱ्या प्रत्येकाला ही धूळ माहीत आहे) आणि डायफ्राम वाळून कडक. त्यामुळे आयडल ठीक, पण थ्रॉटल उघडला की पेट्रोल पुरत नाही आणि इंजिन गुदमरून बंद. व्हिडिओत पूर्ण थ्रॉटल का टिकवला नव्हता त्याचं उत्तर हे. पंपावरचं हल्लीचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं असतं, ते टाकीत ठेवलं की ओलावा ओढतं आणि रबराला सुखाने राहू देत नाही. उडवून झालं की टाकी रिकामी करून कार्बमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं. तेलाचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत असेल तेच. ३० ला १ म्हणजे लिटरला ३३ मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली.

टाकीत आणखी एक गंमत. आतली नळी सिलिकॉनची. ती ग्लो फ्युएलच्या (मिथेनॉलवर चालणाऱ्या) लहान इंजिनांना चालते, पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडते आणि क्लंकवरून (नळीच्या टोकाला असलेल्या वजनावरून) निसटते. पेट्रोलला पिवळी टायगॉन नळी आणि पेट्रोलचंच बूच लागतं. जोडणाऱ्याला या कामातलं किती कळतं हे बघायचं असेल तर टाकीची नळी ओढून बघा, दोन मिनिटांत कळतं.

धोका सगळ्यात जास्त होता तो इग्निशनच्या सेन्सरमध्ये. प्रॉप हबमधलं चुंबक समोरून गेलं की हॉल सेन्सर ठिणगीचा इशारा देतो. तो स्क्रूने पक्का हवा. इथे गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवलेला. इंजिनाच्या उष्णतेने आणि मे महिन्याच्या उन्हाने तो गोंद मऊ पडतो, सेन्सर सरकतो, टायमिंग पुढे जातं आणि इंजिन चालू करायला हाताने प्रॉप मारताना ते उलटा झटका देतं. २३ इंची प्रॉपच्या उलट्या झटक्याने बोटं जातात. स्पार्क प्लगच्या तारेवरची धातूची जाळीही तुटलेली, म्हणजे रिसीव्हरला (विमानातल्या रिमोटचा इशारा पकडणाऱ्या डब्याला) ठिणगीच्या रेडिओ गोंगाटाचा त्रास वेगळाच.

सर्व्होंची फसवणूक साधी, म्हणून जास्त चालते. वरचं स्टिकर २० किलोचं. प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या, सर्व्होच्या आर्मला केंद्रापासून बरोबर अडीच सेंटिमीटरवर अडकवा, ६ व्होल्ट द्या आणि ओढायला लावा. २० किलो-सेंटिमीटरच्या (केंद्रापासून एक सेंटिमीटरवर २० किलो ओढणाऱ्या) सर्व्होने तिथे ८ किलोच्या आसपास दाखवायला हवं. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त अडवून धरू नका, नाहीतर चांगला सर्व्होही जळतो. पंखांवरचे दोन आयलरॉनचे (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचे) सर्व्हो खरे निघाले, कारण ते उघड्यावर दिसतात. आतल्या रडरच्या सर्व्होने ३.६ किलो दाखवलं, म्हणजे नऊच किलोचा. खोलला तर शेवटचा एक गिअर धातूचा, बाकी प्लॅस्टिकचे. टेकऑफला थ्रॉटल दिला की एवढं विमान डावीकडे ओढतं, ते उजव्या रडरने धरायचं असतं. हा रडर धरूच शकला नसता आणि डाव्या बाजूला कोण उभं असेल सांगता येत नाही.

बॅटऱ्यांबद्दल एकच: जुन्या बॅटऱ्या सौद्यात शून्य किमतीच्या समजा आणि नव्या घ्या.

पैसे उकळण्याचा दुसरा हप्ताही झाला. तक्रार केल्यावर विकणारा म्हणाला, नवा शाफ्ट आणि फायरवॉलचा सेट बाहेरून मागवलाय, कस्टममध्ये अडकलाय, नऊ हजार भरा. असे पैसे भरू नका. शुल्क असलंच तर ते कुरिअर किंवा टपाल खातं पावती देऊन माल घेणाऱ्याकडून घेतं, विकणाऱ्याच्या मित्राच्या यूपीआयवर नाही. ‘अख्खं नवं विमानच बाहेरून आणून देतो’ म्हणणाऱ्यालाही दारात उभं करू नका. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने पूर्ण किंवा सुट्या संचातले ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. आणि ड्रोन नियम २०२१ मध्ये पंखवालं विमानही त्याच व्याख्येत येतं.

‘खेळणं आहे, कागद लागत नाहीत’ हेही खोटं. २५ किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात हौसेसाठी उडवायचं विमान ‘मॉडेल’ धरलं जातं आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची (विमानाच्या नमुन्याच्या सरकारी मान्यतेची) सूट आहे. एअरस्पेसच्या झोनची (कुठे उडवता येतं हे ठरवणाऱ्या नकाशावरच्या भागांची) सूट नाही. चिकलठाणा, नांदेड, लातूर या विमानतळांच्या जवळपास राहणाऱ्यांनी माळ निवडण्याआधी नकाशा बघावा.

यूपीआयवर पैसे गेलेत आणि माणूस फोन उचलत नाही, तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. माल आलाय पण खोटा आहे, तेव्हा ठाण्यात ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ असं ऐकायला मिळतं. तिथे तोंडी आश्वासनं उपयोगाची नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या ३१८ कलमासाठी (जुनं ४२०) विकताना जाणूनबुजून खोटं सांगितलं हे दाखवावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी चॅटवर चार सरळ प्रश्न लिहून विचारा: कधी पडलंय का, उडायच्या स्थितीत वजन किती, इंजिन किती चाललंय, सर्व्हो कोणते. उत्तर टाळून फोन करणाऱ्याला परत लिहायला सांगा. जालन्याच्या या सौद्यात ‘पडलं नाही’ हे लिहिलेलं होतं. फायरवॉलच्या रेघेचे फोटो, काट्यावरचं वजन आणि डायल गेजचं रीडिंग समोर ठेवल्यावर विकणाऱ्याने ४० हजार परत केले.

उरलेल्यातून आयलरॉनचे दोन सर्व्हो, काउल, चाकं आणि इग्निशनचा डबा तेवढा कामाचा आहे. फ्यूजलाज मधून कापून टाकली, कुणी पुन्हा नवी फिल्म चढवून विकू नये म्हणून.