४० लिटरची सॅक: वर्षभर एकट्याने फिरून घरी आल्यावर

एकट्याने लांब फिरायचं तर ४० लिटर पुरे. ६० लिटरची घेतली की ती भरतेच, आणि मडगाव स्टेशनच्या जिन्यावर हात द्यायला दुसरं कुणी नसतं. कंबरपट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसायला हवा, तरच खांदे वाचतात.

वर्षभरात आधी दगा देते ती चेन. दात शाबूत असतात, रनर, म्हणजे चेन लावताना सरकतो तो तुकडा, सैल पडतो आणि लावलेली चेन मागून उघडत जाते. पकडीने रनरच्या दोन्ही कडा आळीपाळीने, अगदी हलक्या दाबा. जोर लावलात तर रनर तुटेल.

पण खरी परीक्षा गोव्यातल्या घरात होते. जूनमध्ये माळ्यावर टाकलेली सॅक चवथीला काढावी, तर आतला अस्तराचा लेप बोटाला चिकटतो, आंबूस वास मारतो. दमट हवेत हा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, लेप विघटित होतो. बुरशी पुसली जाते, हा लेप मात्र पुन्हा धड होत नाही. म्हणून परतल्याबरोबर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. मशीनमध्ये मुळीच नको. सगळ्या चेनी उघडून, उलटी टांगून, सावलीत दोन दिवस वाळवा. मग प्लास्टिकात न बांधता सुती अभ्र्यात घालून वापरत्या खोलीत टांगा.

दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असलेलं कापड असं चिकट होत नाही. महाग पडलं तरी आमच्या हवेत तेच घ्यावं. फक्त त्याच्या शिवणींतून पाणी झिरपतं, तेव्हा आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच.