चाळकेवाडी पठार, नवशिक्यांची गाइडेड सायकल राइड: साडेतीन तारे

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडी, जुलैतला रविवार. आम्ही नऊ जण, त्यातल्या चौघांना गिअर कधी बदलायचा हेसुद्धा ठाऊक नव्हतं. घाट रडतखडत चढलो. पठारावर मात्र पश्चिमेचा वारा असा अंगावर आला की सपाट रस्त्यावरही सर्वांत हलका गिअर लावावा लागला. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत!

पैसे वसूल झाले ते गाइडमुळे. स्वतः वारा झेलत पुढे राहिला आणि सगळ्यांत दमलेल्या काकूंना आपल्या मागे घेतलं. वेग त्यांचाच. वळणावर वारा बाजूने आल्यावर ओरडला, "खांदे सैल सोडा, हँडल आवळू नका, पुढच्याच्या चाकाशेजारी चाक नेऊ नका!" मी नेलंच. एका झोतात दोघंही गवतात. सुदैवाने फक्त गुडघा खरचटला.

अर्धा तारा कापला तो आयोजकांनी दिलेल्या पोंचोसाठी, म्हणजे डोक्यातून घालायच्या सैल रेनकोटासाठी. शिडासारखा फुगतो हो तो! अंगाला घट्ट बसणारं जाकीट स्वतःचं न्या. उरलेला एक कापला, कारण बुकिंग करताना वाऱ्याबद्दल अवाक्षर नव्हतं. येताना तोच वारा पाठीशी होता, पण उतारावर ब्रेक दाबून बोटं आखडली. ठोसेघरला गरम भजी मिळाली, ती मात्र पॅकेजमध्ये नाहीत.