सर्टिफिकेटला सहा महिने, नोकरीला पाच: इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या कोर्सचा अनुभव

अकरा वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवल्यावर मी इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा, म्हणजे प्रशिक्षणाचे धडे आखायचा, सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला. फी ४८ हजार, ईएमआयवर. नंतर पुण्यातच एका ई-लर्निंग कंपनीत लागले, त्याला पाच महिने झाले. कोर्स चालू असताना लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते, नोकरीच्या पहिल्या महिन्यात दोन. आज साडेतीन देते. संस्थेचं नाव लिहीत नाही. मी चौकशी केलेल्या चारही कोर्सचे अभ्यासक्रम एकमेकांची झेरॉक्स वाटावेत इतके सारखे होते.

सुरुवातीला थिअरी. अ‍ॅडी (१९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी बनलेला प्रशिक्षण आखायचा पाच टप्प्यांचा साचा), गान्ये (धड्यातल्या पायऱ्यांचा क्रम), कर्कपॅट्रिक (प्रशिक्षणाचा परिणाम मोजायच्या पातळ्या) आणि ब्लूम (शिकण्याच्या उद्दिष्टांची उतरंड). ब्लूम तर बी.एड.ला पाठच होता, त्यामुळे हे आपल्याला येतंच अशा थाटात मी होते. पहिल्याच स्टोरीबोर्डने (धड्याचा स्क्रीनवार कच्चा आराखडा) तो थाट उतरवला. उद्दिष्ट लिहिलं होतं, ‘कर्मचाऱ्याला आगीचे प्रकार समजतील.’ मेंटरने ‘समजतील’ पिवळं करून शेजारी लिहिलं, “समजलं हे तुम्हाला दिसणार कसं?” स्टोरीबोर्ड तीनदा परत आला. चौथ्यांदा ‘समोरच्या आगीसाठी योग्य अग्निशामक निवडेल’ यावर गाडी थांबली. गंमत म्हणजे ते एक वाक्य बदलल्यावर माझ्या निम्म्या स्लाइड आपोआप गळल्या. पेटलेल्या स्विचबोर्डवर पाणी मारायचं नाही हे कळायला ज्वलनाची व्याख्या लागत नाही. माझ्यातल्या विज्ञानाच्या बाईंना ते फार लागलं, पण फी तिथेच वसूल झाली.

मग दोन महिने स्टोरीलाइन, म्हणजे ऑनलाइन धडे बनवायचं सॉफ्टवेअर. ते विंडोजवरच चालतं आणि माझ्याकडे मॅक, म्हणून भावाचा लॅपटॉप ताब्यात घेतला. बटणं, लेअर, ट्रिगर, ड्रॅग अँड ड्रॉप. पोर्टफोलिओ मस्त चकचकीत झाला. नोकरीत पहिले सहा आठवडे मी ते सॉफ्टवेअर उघडलंसुद्धा नाही.

कारण काम होतं एसएमईकडून, म्हणजे विषयाच्या जाणकाराकडून, माहिती काढण्याचं. फोर्कलिफ्ट सुरक्षेचं मॉड्यूल होतं. क्लायंटच्या साहेबांनी ११२ स्लाइडचं पीपीटी पाठवलं आणि सांगितलं, “मॅडम, यातलं सगळंच महत्त्वाचं आहे.” कोर्समध्ये एसएमई म्हणजे एक पीडीएफ होती. पीडीएफ मीटिंग पुढे ढकलत नाही. दोन मीटिंगा पाण्यात गेल्यावर माझ्या टीम लीडने त्यांना सरळ विचारलं, “सर, गेल्या वर्षभरात नेमकं काय चुकलं?” तेव्हा साहेब मोकळे झाले. माल वर उचललेला ठेवूनच पोरं गाडी पळवतात, वळणावर ती कलंडायला आली होती. झालं, मॉड्यूलचा कणा मिळाला: फाळ खाली घे, मगच गाडी हलव. ११२ स्लाइडचे १९ स्क्रीन झाले. हा प्रश्न सहा महिन्यांत कुणीही शिकवला नव्हता.

दुसरं न शिकवलेलं म्हणजे मराठी. ड्रायव्हरांसाठी मॉड्यूल मराठीतून हवं होतं आणि भाषांतराची फाइल आली जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. पेस्ट केल्यावर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. कन्व्हर्टरमधून काढल्यावरही रफार भलत्याच अक्षरावर बसले होते. दोन रात्री मी नुसते रफार उचलून जागेवर ठेवत होते. कोर्समधले सगळे नमुने इंग्रजीत होते, तेव्हा ते खटकलंही नव्हतं.

स्कॉर्म म्हणजे मॉड्यूलने एलएमएसशी (मॉड्यूल ज्यावर चालतं आणि शिकणाऱ्याची नोंद राहते ती सिस्टिम) कसं बोलायचं याचे नियम. त्याचा धडा पाऊण तासात उरकला होता, त्याचीही किंमत मोजली. दुसरं एक लांबलचक मॉड्यूल अर्धवट सोडून परत उघडलं की शिकणारा पुन्हा पहिल्या स्क्रीनवर. मी दिवसभर एलएमएसला शिव्या घातल्या. सहकाऱ्याने येऊन एका वाक्यात सांगितलं: स्कॉर्म १.२ मध्ये ‘कुठवर आलो’ हे साठवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते, ती भरली. स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत ती ६४,००० आहे. त्यात पब्लिश केलं, प्रश्न मिटला.

‘प्लेसमेंट साहाय्य’ म्हणजे दर सोमवारी येणारी नोकऱ्यांच्या लिंकची एक यादी होती. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागितलेला. त्यावर विसंबून राजीनामा देऊ नका. मी शाळा मार्चपर्यंत सोडली नव्हती.

शिक्षक असाल तर घ्या, पण आधी एवढंच विचारा: स्टोरीबोर्ड माणूस तपासतो का, आणि किती वेळा? नुसते व्हिडिओ आणि क्विझ असतील तर पैसे वाचवा. मूडल (एक एलएमएस) आणि एचफाइव्हपी (इंटरॅक्टिव्ह धडे बनवायचं साधन) फुकट आहेत, त्यांवर घरी हात बसवता येतो.

कोर्सचा अ‍ॅक्सेस वर्षभराचा होता, माझा संपायला महिना राहिलाय. व्हिडिओ मी परत उघडलेले नाहीत. पिवळ्या कॉमेंटवाले चारही स्टोरीबोर्ड मात्र उतरवून घेतलेत.