यूएसएस पॅम्पानिटो, सॅन फ्रान्सिस्को: टॉर्पेडो राहू द्या, रेडिओ रूम बघा

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना फिशरमन्स वॉर्फला नेतो, सी लायन दाखवतो, काहीतरी खातो आणि परत. तिथेच पिअर 45 ला दुसऱ्या महायुद्धातली ही खरीखुरी पाणबुडी उभी आहे, 1943 ची, तिचं तिकीट जरूर काढा. बहुतेक लोक टॉर्पेडो ट्यूबसमोर सेल्फी काढण्यात रमतात, पण खरा माल कंट्रोल रूमला लागून असलेल्या रेडिओ रूममध्ये आहे. खोली म्हणजे नावालाच, दोन माणसं बसली की भरली.

आत टीबीएल मॉडेलचा ट्रान्समीटर (संदेश पाठवणारं यंत्र) आहे, गोदरेजच्या कपाटाचा धाकटा भाऊच म्हणा, मोर्सवर (टिंब-रेघांच्या संकेतांवर) साधारण 200 वॅटचा. बाजूला आरएके आणि आरएएल मॉडेलचे रिसीव्हर, म्हणजे संदेश ऐकायची यंत्रं. हे मुद्दाम जुन्या धाटणीचे ठेवले होते, कारण सुपरहेट या नव्या धाटणीच्या रिसीव्हरमधला ऑसिलेटर (स्वतःच रेडिओ लहरी तयार करणारा भाग) अँटेनातून थोडासा सिग्नल बाहेर सोडतो आणि तेवढ्यावरूनही शत्रूला माग लागेल ही नेव्हीला धास्ती. म्हणजे काम काय तर ऐकायचं, बोलायचं नाही. किनाऱ्यावरून ठरलेल्या वेळी मेसेज यायचे, ते उतरवून घ्यायचे, पोच द्यायची नाही.

पण सप्टेंबर 1944 मध्ये तेलाने माखलेली माणसं समुद्रात तरंगताना दिसली, जपानी जहाजांवरचे ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन युद्धकैदी निघाले, आणि ती जहाजं बुडवली होती आपल्याच अमेरिकन पाणबुड्यांनी (एक तर खुद्द पॅम्पानिटोने!). तेव्हा मात्र कॅप्टनने रेडिओवरून मदत मागवली. पॅम्पानिटोने 73 जण वाचवले, बाकीच्या तीन पाणबुड्या धरून 159. हे माहीत असलं की त्या मोर्स कीकडे बघताना जाम भारी वाटतं.

15 रोटरचं (फिरत्या चकत्यांचं) ईसीएम सायफर मशीन, म्हणजे संदेश गुप्त लिपीत बदलणारं यंत्रसुद्धा आहे, एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडून उसनं आणलेलं, ते चुकवू नका.

गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जा, जिना उभा आहे आणि प्रत्येक लोखंडी दारातून वाकून, पाय उचलून पलीकडे जावं लागतं. साडेचार स्टार, अर्धा आतल्या अरुंद बोळापायी कापला, मागून लोक येत राहतात त्यामुळे रेडिओ रूमपाशी मनासारखं थांबता येत नाही. हॅमवाल्यांनी (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांनी) जूनमधला म्युझियम शिप्स वीकेंड लक्षात ठेवा, अशा बऱ्याच जहाजांवरून तेव्हा हॅम लोक ऑन एअर असतात.