जुना राउटर बदलताना : कमी खर्चातील पर्यायांची तुलना, खान्देशातील घरांसाठी

राउटर वारंवार बंद पडू लागला, तर नवा घेण्याआधी त्याचा अडॅप्टर तपासून पाहावा. कारण उन्हाळ्यातील उष्णता आणि विजेचा कमी-जास्त होणारा दाब यांमुळे पुष्कळदा राउटरच्या आधी अडॅप्टरच निकामी होतो, आणि तेवढ्याच व्होल्टचा व पुरेशा अँपिअरचा दुसरा अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. तसेच फायबर कंपनीने दिलेल्या ज्या पेटीवर ‘पॉन’ नावाचा दिवा असतो, तिची जागा बाजारातील साधा राउटर घेऊ शकत नाही. ती पेटी तशीच ठेवून तिच्यातून निघणारी केबल नव्या राउटरला जोडावी लागते, आणि गरज असल्यास जोडणीचे युजरनेम व पासवर्ड सेवा देणाऱ्याकडून आधीच मागून घ्यावे लागतात.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा ऑनलाइन शोधताना साधारण तीन पातळ्या दिसतात. हजार-बाराशेच्या आसपास टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एनसारखा, फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर) चालणारा ‘३०० एमबीपीएस’ राउटर मिळतो. त्याच्यावर आर्चर सी५० आणि आर्चर सी६ यांसारखे एसी१२०० दर्जाचे ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडवर चालणारे राउटर आहेत, आणि अडीच-तीन हजारांपासून पुढे वाय-फाय ६, म्हणजे त्यानंतरच्या पिढीचे वाय-फाय, सुरू होते.

खोक्यावरील आकड्यांवरून निर्णय घेऊ नये, कारण ते वाय-फायचे कागदावरचे कमाल वेग असतात, आणि ड्युअल बँड राउटरवर तर दोन्ही बँडच्या वेगांची बेरीज असते. डब्ल्यूआर८४१एन आणि सी५० या दोघांचे केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, म्हणजे खोक्यावर ३०० लिहिलेले असो वा १२००, बाहेरून येणारे इंटरनेट त्या पोर्टमधून १०० च्या पुढे जात नाही. सी६ चे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत. माझ्या मते खरेदीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे: प्लॅन १०० किंवा त्याहून कमी वेगाचा असेल आणि तसाच राहणार असेल, तर सी५०च्या दर्जाचा राउटर पुरेसा आहे, त्याहून मोठा प्लॅन असेल, तर गिगाबिट पोर्टसाठी जास्तीचे पैसे अवश्य द्यावेत.

बँडची निवड घरावर आणि शेजारावर ठरते. जळगाव-धुळ्याच्या दाट वस्तीतील अपार्टमेंटमध्ये प्रत्येक घरातून २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल येतात, आणि त्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल (बँडचे उपविभाग) १, ६ व ११ अशी तीनच असल्यामुळे तेथे ५ गिगाहर्ट्झची सोय लगेच जाणवते. उलट यावल-रावेरकडील जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल एक-दोन भिंतींतच क्षीण होतो, शेजारचा गोंगाट कमी असल्याने २.४ चांगले चालते, आणि कमी वेगाच्या प्लॅनसाठी सर्वांत स्वस्त राउटरही तेथे चुकीचा ठरत नाही.

वाय-फाय ६ चा खरा उपयोग एकाच वेळी अनेक उपकरणे चालणाऱ्या घरात आहे, आणि तोही फोन व लॅपटॉप त्या दर्जाचे असतील तरच पूर्ण मिळतो. तीन-चार फोन आणि एक टीव्ही असलेल्या घराने ते पैसे वाचवून राउटरसाठीचा मिनी यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. वीज गेल्यावर परीक्षेचा अर्ज किंवा ऑनलाइन वर्ग अर्ध्यावर तुटणे हे वेग थोडा कमी असण्यापेक्षा कितीतरी जास्त त्रासाचे आहे. राउटर ९ व्होल्टचा आहे की १२ व्होल्टचा, हे अडॅप्टरवर वाचूनच यूपीएस घ्यावा. आणि फायबरच्या पेटीलाही त्यातून वीज मिळेल असे पाहावे, अन्यथा राउटर चालू राहूनही इंटरनेट बंदच राहील.

उष्णतेचा विचार मात्र तिन्ही पातळ्यांना सारखाच लागू आहे. घरगुती राउटर साधारणतः ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यामुळे पत्र्याच्या छताखाली, पोटमाळ्यावर किंवा बंद कपाटात राउटर ठेवू नये. कूलर असलेली खोली त्याला मानवते, पण कूलरच्या ओल्या हवेच्या झोतात किंवा लोखंडी कूलरच्या मागे तो नसावा, कारण धातू सिग्नल अडवतो.

जुना राउटर अजून सुरू होत असेल, तर तो विकण्याऐवजी मागच्या खोलीत वापरता येतो: त्याचा आयपी पत्ता नव्या राउटरपेक्षा वेगळा ठेवून त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करावे, आणि नव्या राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल जुन्याच्याही लॅन पोर्टलाच जोडावी.