पपईवरील पिठ्या ढेकूण आणि दहापट भिंग

पपईवरील पिठ्या ढेकूण ओळखण्यासाठी घडीचे दहापट भिंग कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. तीन काचांच्या या भिंगातून कडेलाही रंगांची झालर दिसत नाही; मात्र भिंग डोळ्याला लागून आणि कीड काचेपासून सुमारे अडीच सेंटीमीटरवर धरावी लागते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

पानामागची मादी अशी पाहिली, की मेणाच्या भुकटीखालचे पिवळे अंग आणि कडेचे आखूड मेणतंतू स्वच्छ दिसतात. सुईने टोचल्यावर पिवळा द्रव आला, तर गुलाबी पिठ्या ढेकणाची शंका बरीचशी मिटते. अल्कोहोलमध्ये ठेवलेला नमुना निळसर काळा पडतो. ही खूण पाहायला तर भिंगही लागत नाही.

भिंगाची मजल मात्र येथेच संपते. भारतात २००८ मध्ये कोइमतूर येथे प्रथम आढळलेल्या या किडीचे, म्हणजे पॅराकोकस मार्जिनेटसचे, वर्णन विल्यम्स आणि ग्रानारा दे विलिंक यांनी १९९२ मध्ये केले. पाठीवरील विशिष्ट मेणनलिका केवळ शरीराच्या काठालगत असणे आणि मागच्या पायांच्या नडग्यांवर छिद्रे नसणे, ही तिची निर्णायक लक्षणे पारदर्शक करून रंगवलेल्या स्लाइडवर, सूक्ष्मदर्शकाखालीच तपासता येतात.

बागेतील प्राथमिक पाहणीसाठी हे भिंग जरूर घ्यावे. वीसपट भिंगाचा मोह टाळावा, कारण त्याचे दृष्टिक्षेत्र फारच अरुंद असते आणि वाऱ्याने हलणाऱ्या पानावर ते स्थिर राहत नाही.